दीड लाखाचा कोर्स, की दोन वर्षं आयटीआय?

पत्र : आम्ही हर्णैला राहतो. घरधनी बोटीवर तांडेल आहेत. मुलगा यंदा बारावी सायन्स झाला, ५१ टक्के. त्याला दर्यावर जायचं नाही आणि आमचाही आग्रह नाही. दीर विरारला असतात. त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर ‘आज सर्वाधिक मागणी असलेल्या नोकऱ्या’ अशी यादी पाठवली. त्यात डेटा, एआय, सायबर सिक्युरिटी असं पुष्कळ काही आहे. सहा महिन्यांचा डेटाचा कोर्स दीड लाखाला आहे आणि नोकरीची हमी देतात, असं ते म्हणतात. मुलाचं मन मात्र यंत्रात. गेल्या महिन्यात शेजारचा फ्रीज त्याने उघडला आणि चालूही केला. आयटीआयला जाऊन फ्रीज-एसीचं शिकतो म्हणतो. शिकून-सवरून हे हलकं काम कशाला, असं नातेवाईक म्हणतात. पुढे लग्नाचंही बघावं लागतं. काय करावं? — एक आई, ता. दापोली

ताई,

दिरांनी पाठवलेली यादी खोटी नाही. डेटाच्या कामाला मागणी आहेच. पण ती कोणाला आहे, हे यादीत लिहिलेलं नसतं. पदवी हातात आहे, संख्याशास्त्र पक्कं आहे, लाखभर ओळींच्या तक्त्यातली चूक शोधता येते, अशांना ती आहे. पुष्कळ जाहिरातींत पहिली अटच पदवीची असते. बारावी अधिक सहा महिन्यांचं प्रमाणपत्र, असा अर्ज तिथे पहिल्या चाळणीतच गळतो. मुलाला खरोखर त्या विषयाची ओढ असती, तर आधी गणित किंवा कॉम्प्युटरची पदवी कर, असं आम्ही सांगितलं असतं. तशी ओढ तुमच्या पत्रात कुठे दिसत नाही. दिसतो तो उघडलेला फ्रीज.

‘नोकरीची हमी’ या शब्दांवर थोडं थांबा. क्लासवाल्यांकडून चार गोष्टी लेखी मागवा : कोणत्या कंपनीत, कोणत्या पदावर, किती पगारावर आणि नोकरी न लागल्यास किती रक्कम किती दिवसांत परत. बहुतेक ठिकाणी करारात ‘प्लेसमेंट सहाय्य’ एवढंच असतं. त्याचा अर्थ मुलाखतींना पाठवू, एवढाच. फी हप्त्याने भरायची असेल तर कागद आणखी नीट वाचा. अनेकदा ते हप्ते क्लासचे नसतात, फायनान्स कंपनीचं कर्ज असतं. पोराने दुसऱ्या महिन्यात क्लास सोडला तरी हप्ता चालूच राहतो.

आता यादी बाजूला ठेवून हर्णै बंदरापासून दापोलीपर्यंतचा रस्ता डोळ्यांसमोर आणा. बर्फाचे कारखाने. मासळीवाल्यांचे डीप फ्रीझर. कर्दे, मुरूड, लाडघर, आंजर्ल्याच्या हॉटेलांतल्या नि घरगुती निवासांतल्या एसीच्या खोल्या. लसी २ ते ८ अंशांत ठेवणारे दवाखान्यांचे आणि औषध दुकानांचे फ्रीज. आंबा पिकवण्याच्या खोल्या, आइस्क्रीमची दुकानं, दुधाचे कूलर. हे सगळं खाऱ्या वाऱ्यात उभं आहे, म्हणजे घाटावरच्या मानाने लवकर बिघडणार. आणि बिघडलं की ‘उद्या बघू’ म्हणून चालत नाही, कारण आत माल असतो. चांगला मेकॅनिक मिळत नाही ही इथल्या हॉटेलवाल्यांची कायमची रड आहे. तेव्हा आमचं मत सरळ आहे : मुलाचं म्हणणं ऐका. मात्र ‘गॅस भरणारा’ आणि ‘रेफ्रिजरेशन जाणणारा’ यांत फार अंतर आहे. मागणी दुसऱ्याला आहे. पहिल्यांची गर्दी आहे.

आयटीआयमधल्या या ट्रेडचं आताचं नाव रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंग टेक्निशियन, पूर्वी याला मेकॅनिक म्हणत. मुदत दोन वर्षं, पात्रता दहावी पास. प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो, त्यामुळे बारावीच्या ५१ टक्क्यांची चिंता इथे कामाची नाही. राज्याच्या व्यवसाय शिक्षण संचालनालयाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन अर्ज करायचा आणि मग संस्था-ट्रेडचे पर्याय भरायचे. हा ट्रेड प्रत्येक तालुक्याच्या आयटीआयत असेलच असं नाही. नसेल म्हणून जवळच्या संस्थेत जो मिळेल तो ट्रेड घेऊन टाकू नका. वसतिगृहाची सोय बघून जिल्ह्यातल्या किंवा रायगड, मुंबईतल्या संस्थेचा पर्याय वर ठेवा. खासगी आयटीआय घेणार असाल तर त्या ट्रेडला आणि त्या तुकडीला केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाची (डीजीटी, पूर्वी एनसीव्हीटी) संलग्नता आहे ना, ते आधी तपासा. नुसत्या बोर्डावर जाऊ नका. वर्कशॉपही स्वतः बघून या. मुलांच्या हाताला लागणारी चालू मशीनं किती, ब्रेझिंगचे, म्हणजे तांब्याच्या नळ्या ज्योतीने जोडायचे सिलिंडर भरलेले आहेत का, इन्व्हर्टर एसी उघडून ठेवलेला आहे का. जिथे फक्त जुने खिडकी-एसी आणि भिंतीवर तक्ते आहेत, तिथे दोन वर्षं वाया जातील.

दोन वर्षं झाली की एक वर्ष अ‍ॅप्रेंटिसशिप करायचीच. रेल्वे, मोठी हॉस्पिटलं, एसी कंपन्यांची सर्व्हिस सेंटर, कोल्ड स्टोरेज, कुठेही चालेल. स्टायपेंड थोडा मिळतो आणि घरचे लगेच ‘पगार कुठाय’ म्हणून मागे लागतात. तरी ते वर्ष सोडू नये. पुढे शिकायची हौस आली तर आयटीआयवरून पॉलिटेक्निक डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. ते दार उघडं राहतं.

आता कामाचं. हे मुलाला वाचून दाखवा.

टन हा शब्द घरोघरी वापरतात, पण तो बर्फातून आला हे थोड्यांना ठाऊक असतं. एक अमेरिकन टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, ती एक टन क्षमता. ताशी १२,००० बीटीयू (उष्णतेचं एकक). बंदरावरची लादी १३०–१४० किलोची धरली, तर दीड टनाचा एसी म्हणजे खोलीत रोज दहाएक लाद्या वितळवण्यासारखं आहे. बर्फ कारखान्याशेजारी वाढलेल्या पोराला हे पुस्तकाआधी समजेल.

एसी थंड करत नाही, मेकॅनिक येतो, गेज (दाबाचा काटा) लावतो, ‘गॅस कमी’ म्हणतो, भरतो, पैसे घेतो. दोन महिन्यांनी पुन्हा तेच. पण गॅस हा पेट्रोलसारखा संपत नाही. बंद नळीत तो वर्षानुवर्षं फिरतो. कमी झाला म्हणजे गळती आहे, आणि गळती न शोधता भरलेला गॅस म्हणजे भोक पडलेल्या हंड्यात ओतलेलं पाणी. नीट क्रम असा : राहिलेला गॅस काढून घ्यायचा, कोरडा नायट्रोजन ३०० ते ४०० पीएसआय (दाबाचं एकक) होईपर्यंत भरायचा, सांध्यांना साबणाचा फेस लावून बघायचं आणि मग तासभर काटा हलतो का पाहायचं. नायट्रोजनच हवा. घाईत कुणी ऑक्सिजनचा सिलिंडर जोडतो. कॉम्प्रेसरच्या तेलाशी दाबाखालचा ऑक्सिजन आला की स्फोट होतो आणि माणसं मरतात.

गळती ब्रेझिंगने बुजवताना नळीतून नायट्रोजनची बारीक धार सोडलेली हवी. नाही तर तापलेल्या तांब्याला आतून काळी पापडी धरते, ती सुटून गॅसच्या अरुंद वाटेत, म्हणजे कॅपिलरीत किंवा एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये अडकते आणि महिन्याभराने ‘चोकअप’ची तक्रार येते. तेव्हा दोष एसीवर ढकलला जातो.

मग व्हॅक्यूम, म्हणजे नळी आतून पंपाने रिकामी करणं. कोकणात ज्या पायरीवर सर्वांत जास्त चोरी होते ती ही. नळीतली हवा नव्या गॅसनेच ‘पर्ज’ करून हाकलायची आणि नट आवळायचा, ही आळशी पद्धत. हवा गेली असं वाटतं, ओल आतच राहते. आर-३२ आणि आर-४१०ए या गॅसांच्या कॉम्प्रेसरमधलं तेल पाणी ओढून घेणारं असतं. ओल आणि उष्णता मिळून आत आम्ल तयार होतं, ते वाइंडिंगचं इन्शुलेशन खातं आणि दीड-दोन वर्षांत कॉम्प्रेसर जळतो. आपल्या पावसाळी हवेत ही भीती दुप्पट. उपाय एकच : दोन-स्टेजचा पंप आणि मायक्रॉन गेज, म्हणजे आत किती दाब उरला ते दाखवणारं मीटर. ५०० मायक्रॉनच्या खाली न्यायचं, पंप बंद करायचा आणि दहा मिनिटं आकडा बघायचा. चढतच राहिला तर गळती आहे. थोडा चढून थांबला तर ओल आहे, पंप पुन्हा चालू करायचा. ‘अर्धा तास पंप लावला’ हे मोजमाप नव्हे.

गॅस भरायचा तो वजनाने. मशीनच्या पट्टीवर ग्रॅममध्ये आकडा छापलेला असतो, नळी ठरावीक लांबीपेक्षा जास्त असेल तर मीटरमागे किती वाढवायचा तेही पुस्तिकेत असतं. जुन्या आर-२२ च्या मशीनवर ६०–७० पीएसआयचा काटा बघून भरायची सवय लागली, ती आता घात करते. आर-३२ चा दाब त्याच्या दीडपटीहून जास्त. त्यात इन्व्हर्टर कॉम्प्रेसर कमी-जास्त वेगाने फिरतो, त्यामुळे काटा सारखा बदलतो. काट्यावर भरलेला इन्व्हर्टर एसी बहुधा जास्त किंवा कमीच भरलेला असतो. आर-४१०ए हे दोन गॅसांचं मिश्रण, ते द्रवरूपातच भरायचं. आणि आर-२२ चे दिवस भरत आले आहेत. माँट्रियल करारानुसार २०३० पर्यंत तो जवळपास बंद होणार. मुलाने शिकायचं ते आर-३२ आणि आर-२९० या गॅसांवर.

नळीचं तोंड पसरवून जो नट आवळतात त्या फ्लेअर नटाबद्दल एवढंच : पाव इंची नळीला साधारण १४ ते १८ न्यूटन-मीटर, तीन-अष्टमांश इंचीला ३४ ते ४२. जोर मोजून आवळणारा टॉर्क पाना नसेल तर ‘घट्ट’ हा शब्द प्रत्येक हाताला वेगळा.

शेजारचा फ्रीज चालू केला, छान केलं. पण घरी ब्रेझिंगचा प्रयोग सध्या बंद. आताच्या बहुतेक घरगुती फ्रीजमध्ये आर-६००ए असतो, तो ज्वलनशील आहे. कॉम्प्रेसरवर ज्वाळेचं पिवळं चिन्ह असतं. नळीत गॅस उरलेला असताना ज्योत लावली तर आगच. इन्व्हर्टर एसीच्या पीसीबीचंही (सर्किट बोर्डाचंही) असंच. प्लग काढल्यावर काही मिनिटं कॅपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर दाब राहू शकतो. आधी मीटरने बघायचं, मग बोट.

एसी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हलवताना गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घेतात, त्याला पंप-डाऊन म्हणतात. बारीक नळीचा व्हॉल्व्ह आधी बंद, गॅस ओढला गेला की जाड नळीचा बंद, लगेच कॉम्प्रेसर बंद, आणि मगच नळी सोडवायची. कॉम्प्रेसर चालू असताना नळी सैल केली तर हवा आत जाते, तेल आणि हवा दाबली जाऊन कॉम्प्रेसर बॉम्बसारखा फुटतो. घाईच्या दिवसांत, शिडीवर उभं राहून, हीच चूक होते.

खारा वारा हा इथला खरा विषय, आणि शहरात शिकलेला मेकॅनिक इथे कमी पडतो तो यातच. बाहेरच्या युनिटमध्ये तांब्याच्या नळीवर अ‍ॅल्युमिनियमचे पंख असतात. मिठाचं पाणी दोन धातूंच्या मध्ये आलं की तिथे बॅटरीच तयार होते आणि अ‍ॅल्युमिनियम झिजतं. समुद्रासमोरच्या खोलीचे पंख हाताला पिठासारखे लागतात ते म्हणून. विक्रेता ‘ब्लू फिन आहे’ म्हणतो. तो लेप मदत करतो, पण अमृत नव्हे. युनिट दर्याकडे तोंड करून लावू नये, घराच्या आडोशाच्या बाजूला लावावं. स्टँड आणि बोल्ट स्टेनलेस स्टीलचे, साध्या जीआयच्या (जस्ताचा लेप दिलेल्या लोखंडाच्या) स्टँडला लवकर तांबेरा चढतो. दर पंधरा दिवसांनी गोड्या पाण्याने हलक्या धारेने धुवायचं. वॉशिंग सेंटरचा जोराचा पंप लावला की पंख आडवे होतात आणि अ‍ॅसिड मारलं तर उरलंसुरलंही जातं. हॉटेलवाल्यांशी वर्षाचा करार करून हे धुणं आणि तपासणी ठरवून घ्यायची. बिघाडाच्या फोनची वाट बघण्यापेक्षा त्यात पैसा नियमित असतो.

दुसरी स्थानिक गोष्ट अर्थिंगची. आपला जांभा दगड वाळला की वीज जमिनीत उतरू देत नाही. पावसात ठीक असलेलं अर्थिंग एप्रिलमध्ये, नेमकं एसीच्या हंगामात, निकामी होतं. मग पीसीबी जळतात, बॉडीला झिणझिण्या येतात. अर्थचा रोध मोजून ५ ओहमच्या आत आणायचा. खड्डा खोल घ्यावा लागतो आणि उन्हाळ्यात पाणी घालावं लागतं. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर एसी बसवायच्या आधी मालकाला सांगायचं. पाली आणि मुंग्याही पीसीबीचा घास घेतात. वायरची भोकं बुजवणं हे दोन रुपयांचं काम कुणी करत नाही.

बर्फ कारखाना हे वेगळं शास्त्र. तिथे अमोनिया. अमोनिया तांबं-पितळ खातो, म्हणून सगळ्या नळ्या लोखंडी. आयटीआयत तांब्यावर बसलेला हात तिथे नव्याने बसवावा लागतो. मिठाच्या पाण्याची टाकी उणे ८ ते १० अंशांवर ठेवून तिच्यात पाण्याचे डबे बुडवतात. गळती शोधायला गंधकाची वात धरतात, पांढरा धूर आला की जागा सापडली. सर्वांत धोक्याचं काम म्हणजे तेल काढणं. तेल अमोनियापेक्षा जड, ते टाकीच्या तळाशी बसतं. खालचा व्हॉल्व्ह उघडून काढताना तेल संपतं आणि मागोमाग द्रव अमोनिया येतो. म्हणून तिथे हात सोडताच आपोआप बंद होणारा स्प्रिंगचा व्हॉल्व्ह लागतो. तो नसेल तिथे मुलाने हात लावू नये, मालक कितीही म्हणो. अमोनिया डोळ्यात गेला तर सलग पंधरा मिनिटं पाणी, चोळायचं नाही. हे काम जाणणारी माणसं कमी आहेत, त्यामुळे ज्याला येतं त्याला मालक सोडत नाहीत.

शिवाय इथे काम वर्षभर विभागलेलं आहे. शिमग्यापासून मिरगापर्यंत एसी आणि आंबा. आंब्याच्या पिकवण-खोलीत कार्बाइडला बंदी आहे. इथिलीन १०० पीपीएमच्या आत आणि तापमान हातात ठेवावं लागतं. हापूस १२–१३ अंशांच्या फार खाली नेला तर साल काळवंडते. जून-जुलैत मासेमारी बंद, तेव्हा बर्फ कारखान्यांची मोठी दुरुस्ती. त्याच दिवसांत विजा कडाडतात आणि जळलेले पीसीबी येतात. नारळी पौर्णिमेनंतर बोटी, मग गणपतीला चाकरमानी आणि त्यांचे वर्षभर बंद असलेले फ्रीज, नाताळात पर्यटक.

दीड लाख बाजूला असतील तर ते मोडू नका. सरकारी आयटीआयची फी त्यामानाने किरकोळ आहे. अ‍ॅप्रेंटिसशिप संपल्यावर हत्यारं घ्या : पंप, मायक्रॉन गेज, आर-३२ चा मॅनिफोल्ड (दाबाच्या काट्यांचा संच), ग्रॅमचा काटा, चांगलं फ्लेअरिंग टूल, टॉर्क पाना, क्लॅम्प मीटर, इन्शुलेशन तपासायचा मेगर, नायट्रोजनचा छोटा सिलिंडर रेग्युलेटरसह, ब्रेझिंग सेट. ब्रँडप्रमाणे साधारण ६० ते ८० हजारांत बसतं. गाडी आणि बोर्ड त्यानंतर. उलट्या क्रमाने खर्च करणारे पुष्कळ दिसतात.

आपल्याकडे आखातात जायची वाट जुनी आहे आणि एसीवाल्याला तिथे काम असतंच. जायचं झालं तर दोन-तीन वर्षांच्या अनुभवानंतर. एजंटाचा परवाना क्रमांक सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासा. नोंदणीकृत एजंटाला ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. लाख-दोन लाख मागणारा आणि ‘व्हिजिट व्हिसावर जा, तिकडे बदलून देतो’ म्हणणारा, दोघांनाही दारातून परत पाठवा.

यंत्राची आवड नसती तर आम्ही दुसरं काही सुचवलं असतं. तीन वर्षांचं जीएनएम नर्सिंग, बोटींच्या डिझेल इंजिनाचं काम किंवा इलेक्ट्रिशियन होऊन छतावरचं सोलर. ३ किलोवॅटच्या घरगुती सोलरला केंद्राचं ७८,००० रुपये अनुदान आहे, त्यामुळे तिथेही बसवणाऱ्यांना काम आहे. पण तो प्रश्न तुमच्या घरात नाही.

‘हलकं काम’ म्हणणाऱ्या नातेवाइकांना मे महिन्यातल्या शनिवारी त्यांचा स्वतःचा एसी बंद पडल्यावर विचारा. लग्नाचं म्हणाल, तर मुलीकडचे पगाराची पावती बघतात हे खरं आहे. पावती नसेल तर आयकराचं विवरणपत्र आणि हॉटेलांचे लेखी करार दाखवता येतात. म्हणून पहिल्या वर्षापासून बिलबुक ठेवायचं, पैसे बँकेत घ्यायचे आणि विवरणपत्र भरायचं. पुढे कर्ज काढतानाही तेच कागद लागतात.

प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी एक करा. मासेमारी बंद असते त्या दिवसांत बर्फ कारखान्याचा कॉम्प्रेसर खोललेला असतो. घरधन्यांची मालकाशी ओळख असेलच. मुलाला चार दिवस नुसतं बघायला बसू द्या म्हणावं. चप्पल नको, बूट घालून पाठवा. संध्याकाळी तेलकट हातांनी घरी आल्यावर तो काय सांगतो, ते ऐका आणि मग अर्ज भरा.